फिलिपिन्सची माणसं इतकी आपली का वाटतात? (आणि आई-बाबांना काय दाखवू?)

मोगरावेल
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं क्वेझॉन सिटीत राहतोय, मनिलाला अगदी खेटून. डिसेंबरात आई-बाबा चिपळूणहून महिनाभर येणार आहेत. परवा बाबांनी फोनवर विचारलं, "तो देश आहे तरी कसा गं?" मी सांगितलं, ७,६४१ बेटं आहेत, वर लुझॉन, मध्ये विसाया, खाली मिंदानाओ. बाबा म्हणाले, "ते नकाशात दिसतंय मला. माणसं कशी आहेत?" तिथे मी अडले.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सिग्नलला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी गाडीच्या काचेवर टकटक करत होती. हातात पांढऱ्या कळ्यांच्या माळा. काच खाली केली आणि वासानेच कळलं, मोगरा! इथे त्याला सांपागिता म्हणतात, १९३४ पासून त्यांचं राष्ट्रीय फूल आहे. मी माळ घेतली आणि सवयीने केसांत माळली. ती पोर तोंडावर हात ठेवून जी हसायला लागली! इथे ही माळ देवाला घालतात, पाहुण्याच्या गळ्यात घालतात, जीपनीच्या (इथल्या शेअर-गाडीच्या) आरशाला टांगतात. केसांत कोणी घालत नाही.

पण बाकी सगळं ओळखीचं. शेजारच्या आजी दिसल्या की पहिला प्रश्न, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलीस का. मोठ्या भावाला कुया, मोठ्या बहिणीला आते, आणि ही नाती रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना लागू. लहान मुलं मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. गावाहून येताना रिकाम्या हाताने यायचं नाही, जे आणायचं त्याला पासालुबोंग म्हणतात. आपला खाऊच की!

तर प्रश्न असा: ह्या लोकांचं आणि आपलं खरंच काही नातं आहे, की मला घरची आठवण येते म्हणून जिथे तिथे घर दिसतं? आणि आई-बाबांना काय दाखवू? आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहास आवडतो.

रेवदंड्याची_सून
केसांतला मोगरा वाचून डोळ्यांसमोर आलं सगळं. वाचतेय, लिहा मंडळी.

दर्यावर्दी
बावीस वर्षं बोटीवर आहे, सध्या चीफ इंजिनियर. जगातल्या खलाशांमध्ये साधारण चौथा माणूस फिलिपिनो असतो असं धरतात, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य ह्या लोकांबरोबर गेलंय. मेसमध्ये राइस कुकर कधी बंद होत नाही. शनिवारी रात्री कराओके, आणि ज्याला गाता येत नाही तोही गातो, कोणी हसत नाही. मूळ पगाराचे ८० टक्के घरी पाठवणं त्यांच्या सरकारी नियमानेच बंधनकारक आहे.

२०१३ चा नोव्हेंबर. आम्ही ब्राझीलमधल्या सांतोस बंदराबाहेर नांगर टाकून होतो. माझा एक ऑयलर (इंजिनरूममधला खलाशी) फिलिपिन्समधल्या ताक्लोबानचा. ८ तारखेला योलांदा वादळ त्याच्या गावावर गेलं (बाहेरच्या जगात त्याला हैयान म्हणतात). सॅटेलाइट फोनवर तो रात्रभर नंबर फिरवत होता. रिंगसुद्धा जाईना. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आला आणि काही न बोलता ऑइल सेपरेटर उघडून साफ करायला बसला. संध्याकाळी परत उघडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. साफ करायला त्यात काही उरलं नव्हतं. मी थांबवलं नाही.

पाचव्या दिवशी निरोप आला. आई, बायको, दोन मुलं, सगळी शेजाऱ्याच्या छपरावर चढून वाचली होती. नंतर त्याने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. रेडिओवर इशारा देत होते, पण "स्टॉर्म सर्ज" (वादळाने समुद्राचं पाणी आत घुसणं) हा इंग्रजी शब्द गावात कोणाला कळला नाही. तो म्हणाला, त्सुनामी म्हटलं असतं तर सगळे डोंगराकडे पळाले असते. त्या वादळात सहा हजारांवर माणसं गेली.

तुमच्या बाबांना सांगा, माणसं अशी आहेत. पाचव्या दिवशी निरोप आला आणि त्याच रात्री त्याने सगळ्या क्रूसाठी पान्सित बनवलं. आपल्या शेवयांच्या उपम्यासारखा प्रकार. वाढदिवसाला करतात, दीर्घायुष्याचा म्हणून.

स्पष्टवक्ती
दर्यावर्दी, वाचून गलबलले.

मोगरावेल, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर जरा वेगळं आहे. मी सात वर्षं मनिलात काढली आहेत. "अगदी आपल्यासारखे" म्हणत राहिलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो. हे ऑस्ट्रोनेशियन लोक. चारेक हजार वर्षांपूर्वी तैवानकडून होड्यांतून बेटाबेटांवर उतरले. १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य, ३३३ वर्षं. मग स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेला देऊन टाकला, आणि तोही लोकांनी १२ जून १८९८ ला स्वतः स्वातंत्र्य जाहीर केल्यावर! मध्ये जपानी आले, १९४५ मध्ये मनिला बेचिराख झालं, आणि ४ जुलै १९४६ ला अमेरिका गेली. सुमारे ७९ टक्के कॅथलिक. दक्षिणेत मिंदानाओत मुसलमान, त्यांचा वेगळाच इतिहास. ह्यात आपण कुठे आहोत?

आणि हसरे चेहरे सगळ्यांना दिसतात, पण आई हाँगकाँगला दुसऱ्याची मुलं सांभाळते आणि तिची स्वतःची मुलं आजीकडे वाढतात, हे घराघरात आहे. वीस लाखांहून जास्त माणसं परदेशात कामाला आहेत. माझ्याकडे कामाला येणारी आते दर रविवारी दुबईतल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर जेवायची. फोन मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवायची, ताट समोर, आणि दोघी एकाच वेळी पहिला घास घ्यायच्या. त्याला घरच्या आठवणीचा रंग देऊ नका एवढंच सांगणं.

पंचांगवाला
स्पष्टवक्ती, "ह्यात आपण कुठे" ह्याला एक पुरावा देतो, मग भांडू.

१९८९ मध्ये मनिलाजवळ लागुना प्रांतात लुंबान नदीच्या मुखाशी वाळू काढताना एक तांब्याचा पत्रा सापडला. साधारण वीस बाय तीस सेंटिमीटर. अंतून पोस्त्मा नावाच्या डच संशोधकांनी तो वाचला. लिपी कावी (जावाकडची जुनी लिपी), भाषा जुनी मलय, आणि सुरुवात कशी आहे बघा: स्वस्ति, शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. आपल्या घरच्या पंचांगावर जो शक छापतो तोच शक! मजकूर साधा आहे: नाम्वरान नावाच्या माणसाचं कर्ज फिटलं, त्याच्या वंशजांना कोणी त्रास देऊ नये. देशातला सापडलेला सगळ्यात जुना लेख, आणि तो कर्जमुक्तीचा दाखला. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोगरावेल, बाबांना तिथे न्याच. "शके" वाचतात तेव्हा त्यांचा चेहरा बघा.

शब्दही सांगतो. तागालोगमध्ये गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, दुखा म्हणजे हालअपेष्टा, बुधी म्हणजे सदसद्विवेक, कथा म्हणजे रचलेली गोष्ट, लासा म्हणजे चव (आपला रस), मुत्या म्हणजे मोती, दिवाता म्हणजे देवता.

स्पष्टवक्ती
ताम्रपट मान्य, आणि तो फार सुंदर आहे हेही मान्य. पण हे शब्द आपण नेऊन दिले नाहीत. जावा-सुमात्राच्या व्यापाऱ्यांकडून, मलय भाषेतून ते तिथे पोचले. आणि देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असंही नाही. तुमच्या मालवणच्या होडीला उलांडी असते ना? ती बाजूला लाकूड बांधून होडी तोलायची युक्ती ह्याच ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दींनी हिंदी महासागरभर नेली असं अभ्यासक मानतात. फिलिपिन्सच्या बांग्का होडीला आजही दोन्ही बाजूंनी बांबूच्या उलांड्या असतात. म्हणजे नातं आहेच, पण कदाचित त्यांनी आपल्याला शिकवलंय.

पंचांगवाला
उलांडीपुढे हात जोडले. हे मला माहीत नव्हतं.

देवगडकर
गंभीर चर्चेत एक तातडीचा प्रश्न. तिथल्या आंब्याबद्दल कोणीच का बोलत नाही?

मोगरावेल
देवगडकर, सांभाळून बसा. इथला काराबाओ आंबा, त्यातही गिमारास बेटावरचा, पिवळाधमक, लांबट, रेषा अजिबात नाहीत. १९९५ मध्ये गिनेसच्या पुस्तकात जगातला सगळ्यात गोड आंबा म्हणून ह्याच जातीची नोंद झाली होती.

देवगडकर
गोड असेल. साखरही गोड असते. हापूसला वास आहे, आंबटपणाची कड आहे, आणि पेटी उघडली की आख्खं घर जागं होतं. गिनेसवाल्यांना मे महिन्यात देवगडला पाठवा, मग बोलू.

घोलवडचा_चिकू
आंबेवाले भांडतायत तोवर मी माझं फळ पुढे करतो. फिलिपिन्समध्ये चिकूला काय म्हणतात माहितेय? चिको! हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं, मनिला आणि आकापुल्को ह्यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं जात-येत होती. तिकडून चांदी यायची, इकडून चिनी रेशीम जायचं, आणि त्या चांदीबरोबर चिकू, अननस, पेरू, सीताफळ अशी झाडं पॅसिफिक ओलांडून आली. आमच्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांमधलं नाव त्याच स्पॅनिश शब्दावरून आलंय. एका बाजूला मेक्सिको, एका बाजूला घोलवड, मध्ये मनिला. मला तर हे वाचल्यापासून वाडीत पाणी घालताना वेगळंच वाटतं.

लासलगाव_एक्सप्रेस
अवांतर: तिथे मोठ्या कांद्याला "सिबुयास बोंबाय" म्हणतात, म्हणजे मुंबईचा कांदा. २०२३ च्या सुरुवातीला तिथे कांदा किलोला सहाशे-सातशे पेसोपर्यंत गेला होता, मटणापेक्षा महाग. ह्या दुःखात आम्ही त्यांच्यासोबत आहोत.

मुलीचा_बाबा
माझी मुलगी मिंदानाओतल्या दवाव शहरात मेडिकलला आहे, तिसरं वर्ष. मोगरावेल, तुम्ही मनिलाकडच्या, म्हणून तागालोग म्हणताय. आम्हाला एजंटने सांगितलं होतं, "सगळीकडे इंग्रजी चालतं, काळजी नको." वर्गात चालतं, हे खरं. पण वॉर्डात पेशंट बिसाया बोलतात, ती तागालोगहून वेगळी भाषा. पहिल्या वर्षी तिने रडत फोन केला होता, म्हणाली, आजी पोट धरून काहीतरी सांगत होत्या आणि मला एक शब्द कळला नाही. मग तिने वही केली. एका बाजूला मराठी, एका बाजूला बिसाया. पहिल्या पानावर लिहिलंय: "आसा आंग साकित?" म्हणजे कुठे दुखतंय. आता त्याच आजी तिला "दाय" म्हणून हाक मारतात, म्हणजे पोरी.

ज्यांची मुलं जायची आहेत त्यांना कळकळीने सांगतो, भाषा शिकायला पहिल्या दिवसापासून लावा. देशात दीडशेच्या वर भाषा आहेत. इंग्रजीवर डॉक्टरकीची परीक्षा पास होते, पेशंट बरा करता येत नाही.

दर्यावर्दी
मुलीचा_बाबा, शंभर टक्के. माझा ताक्लोबानचा ऑयलर वाराय बोलायचा, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) इलोकानो. भांडण झालं की दोघं तागालोगवर यायचे.

रेवदंड्याची_सून
भाषेवरून एक सांगू? मिंदानाओत झांबोआंगा शहरात चावाकानो बोलतात. शब्द बहुतेक स्पॅनिश, व्याकरण तिथल्या मातीतलं. किल्ल्यावरचे शिपाई, मजूर आणि स्थानिक बायका ह्यांच्या संसारात ती भाषा तयार झाली. हे वाचलं तेव्हा मी उडालेच, कारण आमच्या खाडीपलीकडे कोरलई आहे! तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या घरात आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. चौल-रेवदंड्याची पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली, तरी बोली राहिली. कोरलईची मासळीवाली आमच्या दारात मराठी बोलते आणि वळून मुलीशी त्या बोलीत. झांबोआंगातल्या बाजारातही असंच होत असेल.

आणि दर्यावर्दी, तुमची वादळाची गोष्ट वाचून निसर्ग चक्रीवादळ आठवलं. ३ जून २०२०. आमच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. तिथे म्हणे वर्षाला वीसेक वादळं हद्दीत येतात?

दर्यावर्दी
हो, आणि त्यातली आठ-नऊ जमिनीवर चढतात. वादळाला बाग्यो म्हणतात. त्यांच्या हवामान खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की पागासा होतं, आणि तागालोगमध्ये पाग-आसा म्हणजे आशा.

भातवाला
उशीर झाला, पण भाताचा विषय निघालाच नाही म्हणून राहवलं नाही. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना लोस बान्योसला प्रशिक्षणाला गेलो होतो, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत. १९६० मध्ये सुरू झालेली. पंचांगवाले, तुमचा ताम्रपट मिळाला त्याच लागुना प्रांतात! १९६६ चं आयआर-८ वाण तिथलंच. बुटकं, न लोळणारं, खताला भरघोस साथ देणारं. आपल्याकडे साठीच्या दशकात त्याने दिवस पालटले. स्वामिनाथन साहेब १९८२ ते ८८ तिथे महासंचालक होते.

तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनात बसली. शेतात असतं ते पालाय, कांडून टरफल काढलेलं ते बिगास, शिजलेलं ते कानिन. इंग्रजी बोलणाऱ्याला तिन्ही एकच. आपल्याला साळ, तांदूळ, भात. रात्रीचा उरलेला भात सकाळी लसणावर परततात, सिनांगाग म्हणतात. तळाला लागून खरपूस झालेला थर तुतोंग. आमच्या घरी त्यासाठी भावंडांची मारामारी व्हायची.

मग सुट्टीत बनावेला गेलो, इफुगाओंची डोंगरातली भातखाचरं बघायला. फोटोत पायऱ्या दिसतात. पण खरी गोष्ट पायऱ्यांच्या वर असते. प्रत्येक कुटुंबाचं वरच्या अंगाला राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. ते रान पाणी धरतं आणि झऱ्यांनी खाली सोडतं. रान तुटलं की खाचरं मेली. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बांधाचा दगड हाताने दाबून दाखवला, कुठून पाणी पाझरतंय ते बोटाने शोधलं आणि चिखलाचा गोळा बसवला. सत्तरी ओलांडलेला माणूस, अनवाणी, हातभर रुंद बांधावर चालत होता. त्याची मुलं मात्र बागिओला आणि मनिलाला. १९९५ मध्ये युनेस्कोने ह्यातली काही खाचरं जागतिक वारसा केली आणि २००१ मध्ये धोक्याच्या यादीत टाकली, कारण बांध सांभाळायला माणसं उरली नव्हती. २०१२ मध्ये यादीतून काढली. वरई-नाचणीची उतारावरची शेती सोडून मुंबईला गेलेलं आमचं निम्मं गाव मला तिथे दिसलं.

मोगरावेल, आईंच्या गुडघ्यांना बाताद गावची खाचरं झेपणार नाहीत, तिथे खूप पायऱ्या उतरून जावं लागतं. बनावे गावातून गाडीतूनच बघा. मनिलाहून रात्रभराची बस आहे, मध्ये एक मुक्काम करा, आणि डिसेंबरात स्वेटर न्या.

आडनावप्रेमी
बाबांना इतिहास आवडतो म्हणून एक भर. सगळ्यांची आडनावं स्पॅनिश आहेत म्हणून ते स्पॅनिश वंशाचे, असं नाही. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरिया ह्याने आडनावांची एक जाडजूड यादी छापली आणि ज्यांना आडनाव नाही त्यांना त्यातलं वाटायला लावलं. काही गावांना यादीतली ठरावीक पानं मिळाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात अजूनही बहुतेक आडनावं र-ने सुरू होतात.

देवगडकर
म्हणजे शाळेत हजेरी घेताना मास्तरांची पानं उलटायची मेहनत वाचली.

स्पष्टवक्ती
आडनावप्रेमी, छान आठवण केलीत. आणि यादीत निव्वळ स्पॅनिश नव्हती, स्थानिक शब्दही होते. दिमागीबा म्हणजे "न ढासळणारा" अशी आडनावंही टिकली. ते मला फार आवडतं.

भातवाले, तुमचा बांधावरचा म्हातारा वाचून माझा सूर थोडा बदलला हे कबूल करते. मी "आपल्यासारखे म्हणू नका" म्हटलं होतं. तुम्ही आधी त्याचा बांध बघितलात आणि मग तुम्हाला तुमचं गाव दिसलं. ह्या क्रमाला माझी हरकत नाही.

मोगरावेल
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल संध्याकाळी शेजारच्या आजींकडे जाऊन बसले. सप्टेंबर लागला की इथे नाताळ सुरू होतो, त्यामुळे त्यांचा पारोल आत्ताच तयार होतोय. बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी, वर पातळ कागद, खाली दोन झिरमिळ्या. कामट्या तासणं, खळ लावणं, कागद ताणून बसवणं, सगळं आमच्या वाड्यातल्या आकाशकंदिलासारखं. पण स्पष्टवक्तींचं आठवलं म्हणून "आमच्याकडेही असतो" म्हणायच्या आधी विचारलं, हा कशासाठी? म्हणाल्या, पहाटेच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) अंधारातून जाताना वाट दिसावी म्हणून लोक नेत असत. १६ ते २४ डिसेंबर, रोज पहाटे चारला, नऊ दिवस. मूळ कारण शेतकऱ्यांचं, उन्हाच्या आधी शेतावर जायचं असायचं. मग त्यांनी सांगितलं की तरुणपणी त्या आठ वर्षं कुवेतला होत्या आणि त्या आठही डिसेंबरात एकही पारोल हाताने केला नाही. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तर बेत असा: संग्रहालयात ताम्रपट, भातवाल्यांच्या सल्ल्याने गाडीतून बनावे, आणि १६ तारखेला आजींबरोबर पहाटेचं मिसा. चर्चच्या बाहेर बिबिंका मिळते, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीच्या पानावर, मातीच्या भांड्यात, वर-खाली निखारे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तवसोळीच ती, काकडी नसलेली!" मग आवाज खाली आला, "अंडं असतं का त्यात?"

असतं. वर खारवलेलंही असतं. आजींना हे कसं सांगू म्हणून अवघडले होते. शेवटी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, बाहेरची नको मग, तुझ्या आईसाठी मी घरी करीन. आणि लगेच विचारलं, दूध चालतं ना?

रेवदंड्याची_सून
चालतं म्हणून सांगा! आणि गोव्याचा बेबिंका त्यांना माहीत आहे का, विचाराच.

भातवाला
नवीन तांदळाचं पीठ घ्यायला सांगा. जुन्याचं कोरडं होतं.